वाचकांचे प्रश्न : चूक गिळणाऱ्या प्रोसिजर

या वेळच्या टपालात नाशिक शहर आणि जिल्ह्यातून आलेली बरीचशी पत्रे एकाच विषयावरची निघाली. डेटाबेसमधल्या स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये, म्हणजे डेटाबेसमध्येच साठवून ठेवलेल्या प्रोग्राममध्ये, एरर आली तर तिचे काय करायचे, आणि आपण होऊन एरर उठवायची ती कधी व कशी, असा तो विषय आहे. पत्रलेखकांचे डेटाबेस वेगवेगळे आहेत, त्यामुळे उत्तरेही त्या त्या डेटाबेसपुरती समजावीत; एकीकडचा नियम दुसरीकडे जसाच्या तसा लावू नये. संस्थांची आणि पेढ्यांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : पंचवटीतील एका पतसंस्थेचे संगणकाचे काम मी पाहतो. पिग्मी एजंटांनी दिवसभरात गोळा केलेली रक्कम संध्याकाळी एसक्यूएल सर्व्हरमधील एका प्रोसिजरमधून खात्यांवर चढते. मध्यंतरी एका एजंटाच्या यंत्रातून एकच पावती क्रमांक दोनदा आला. स्क्रीनवर ‘पोस्टिंग पूर्ण’ असा संदेश दिसला, पण सकाळी रोजकीर्द जुळेना. काही खातेदारांच्या खात्यावर रक्कम जमा होती, काहींच्या नव्हती, आणि रोख खात्याची नोंद तर झालीच नव्हती. प्रोसिजरमध्ये ट्राय-कॅच आहे (ट्रायमधल्या कामात एरर आली की कंट्रोल कॅचमध्ये जातो) आणि कॅचमध्ये एरर लॉग टेबलात, म्हणजे एररच्या नोंदवहीत, लिहिली जाते. एका मित्राच्या सांगण्यावरून वर ‘सेट एक्सॅक्ट_अबॉर्ट ऑन’ ही ओळ घातली, तर आता ३९३० क्रमांकाची भलतीच एरर येते आणि लॉगमध्ये काहीच सापडत नाही. प्रोसिजरची प्रत सोबत जोडली आहे.

उत्तर : प्रत जोडली हे फार बरे केले, कारण नुसत्या वर्णनावरून दोष हाती लागला नसता. ट्रान्झॅक्शन म्हणजे एकतर पूर्ण व्हायचा, नाहीतर पूर्ण मागे घ्यायचा कामांचा गट; ‘कमिट’ तो कायम करते, रोलबॅक तो मागे घेतो. आपल्या प्रोसिजरमध्ये ‘बिगिन ट्रान्झॅक्शन’ ट्राय ब्लॉकच्या आत आहे, कॅच ब्लॉकमध्ये लॉगची एक ओळ भरली जाते, आणि ‘कमिट’ मात्र कॅच ब्लॉक संपल्यावर, प्रोसिजरच्या अगदी तळाशी आहे. आता त्या संध्याकाळी काय घडले ते क्रमाने पाहा. तोच पावती क्रमांक दुसऱ्यांदा भरताना प्रायमरी कीचा, म्हणजे एक क्रमांक एकदाच येण्याच्या नियमाचा, भंग झाला आणि २६२७ क्रमांकाची एरर उठली. सर्व्हरने ट्राय ब्लॉकमधले उरलेले काम, म्हणजे पुढच्या खात्यांच्या नोंदी आणि शेवटची रोख खात्याची नोंद, सोडून दिले आणि तो कॅचमध्ये गेला. तिथे लॉगची ओळ लिहिली गेली. कॅच ब्लॉक नीट पार पडला म्हणजे सर्व्हरच्या लेखी एररची व्यवस्था लागलेली असते, म्हणून तो पुढच्या ओळीवर आला, आणि पुढची ओळ होती ‘कमिट’. अर्धवट काम त्या ओळीने कायम केले. प्रोसिजर विनातक्रार संपली, म्हणून स्क्रीननेही आपला ठरलेला संदेश दाखवला. त्या बिचाऱ्या स्क्रीनला काही कळण्याचा मार्गच नव्हता.

मित्राने सुचवलेली ओळ योग्य आहे, ती काढू नका. ‘एक्सॅक्ट_अबॉर्ट’ चालू असताना ट्राय ब्लॉकमध्ये चालू ट्रान्झॅक्शनच्या आत एरर आली की ते ट्रान्झॅक्शन कमिट न करता येण्याजोगे होऊन बसते. अशा वेळी ‘एक्सॅक्ट_स्टेट’ हे फंक्शन उणे १ देते. ट्रान्झॅक्शन धडधाकट असेल तर १, आणि चालूच नसेल तर ०. उणे १ च्या अवस्थेत वाचता येते आणि रोलबॅक करता येतो, पण लिहिता काही येत नाही. आपला कॅच ब्लॉक नेमका तिथेच लॉग टेबलात लिहू पाहतो, म्हणून ३९३० येते, आणि ती आल्यामुळे मूळची २६२७ झाकली जाते. म्हणजे ही नवी एरर हा वेगळा बिघाड नसून आपल्या कॅच ब्लॉकमधला क्रम उलटा असल्याची ती पावती आहे.

क्रम असा ठेवा. प्रोसिजरच्या सुरुवातीला ‘सेट नोकाउंट ऑन’ आणि ‘सेट एक्सॅक्ट_अबॉर्ट ऑन’. मग ट्राय ब्लॉक, त्याच्या आत ट्रान्झॅक्शनची सुरुवात, सगळ्या नोंदी, आणि ट्राय ब्लॉकची शेवटची ओळ म्हणून ‘कमिट’. कॅच ब्लॉकमध्ये सर्वांत आधी @@ट्रॅनकाउंट (उघड्या ट्रान्झॅक्शनची मोजणी) शून्याहून मोठा असेल तर रोलबॅक, त्यानंतर लॉगची नोंद, आणि सर्वांत शेवटी एकटे ‘थ्रो’. रोलबॅक आधी केल्यामुळे लॉगची नोंद त्याच्याबरोबर वाहून जात नाही. एररची माहिती रोलबॅकनंतर उरेल का, अशी शंका काही जण काढतात. ‘एरर_नंबर’, ‘एरर_मेसेज’, ‘एरर_लाइन’ आणि ‘एरर_प्रोसिजर’ ही फंक्शने कॅच ब्लॉक संपेपर्यंत मूळ एररचीच माहिती देत राहतात, त्यामुळे ती काळजी नको. एररच्या वेळी कोणती पावती हाताळली जात होती हेही लॉगमध्ये हवे असेल, तर ते टेबल व्हेरिएबलमध्ये किंवा साध्या व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा. टेबल व्हेरिएबलमधल्या ओळी रोलबॅकने पुसल्या जात नाहीत. टेम्पररी टेबलात ट्रान्झॅक्शन चालू असताना भरलेल्या ओळी मात्र पुसल्या जातात. लॉग टेबलात लिहिणेही कधी फसू शकते, म्हणून त्या एका नोंदीभोवती स्वतंत्र ट्राय-कॅच घालावा, नाहीतर लॉगच्या भानगडीत मूळ एरर हरवायची.

एकट्या ‘थ्रो’चा उपयोग असा, की ते मूळ एरर तिच्या मूळ क्रमांकासह आणि ओळीसह वर पाठवते. ते २०१२ च्या आवृत्तीपासून उपलब्ध आहे. त्याच्या बाबतीत एक फसवी जागा आहे आणि ती डोळ्यांना दिसत नाही. ‘थ्रो’च्या आधीचे विधान अर्धविरामाने संपले पाहिजे. समजा, आधीच्या ओळीवर ‘रोलबॅक ट्रान्झॅक्शन’ लिहिले, अर्धविराम राहिला आणि खालच्या ओळीवर ‘थ्रो’ आले, तर सर्व्हर ‘थ्रो’ हे त्या ट्रान्झॅक्शनचे नाव आहे असे समजतो. प्रोसिजर विनातक्रार तयार होते, पण चालवताना एरर येते तेव्हा ‘थ्रो नावाचे ट्रान्झॅक्शन किंवा सेव्हपॉइंट सापडले नाही’ अशा अर्थाचा ६४०१ क्रमांकाचा संदेश मिळतो आणि रोलबॅकही होत नाही. प्रत्येक विधानानंतर अर्धविराम देण्याची सवय लावून घेतली की हा प्रश्न उरत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या प्रतीत दिसली. ही प्रोसिजर दिवसअखेरीच्या दुसऱ्या प्रोसिजरमधून बोलावली जाते आणि तिथेही स्वतंत्र ‘बिगिन ट्रान्झॅक्शन’ आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये आतले ‘कमिट’ फक्त मोजणी एकने कमी करते, पण आतला रोलबॅक मात्र बाहेरच्यासकट सगळे मागे घेतो. म्हणून आतून ‘थ्रो’ झालेच पाहिजे, आणि बाहेरच्या प्रोसिजरलाही तिचा स्वतःचा ट्राय-कॅच हवा. आतून ‘थ्रो’ झाले नाही तर बाहेरची प्रोसिजर आपले ट्रान्झॅक्शन अजून चालू आहे अशा समजुतीत पुढची विधाने उघड्यावर चालवत राहील.

एका एजंटाच्या दुबार पावतीमुळे सगळ्या एजंटांचे पोस्टिंग अडावे का, हा आपल्या पत्रात न विचारलेला पण खरा प्रश्न आहे. एजंटगणिक एक ट्रान्झॅक्शन ठेवले तर बाकीच्यांचे काम पार पडते आणि एकाचेच मागे राहते. हा निर्णय प्रोग्रामरने परस्पर घेऊ नये. व्यवस्थापकांना विचारून लेखी घ्यावा. काहीही ठरले तरी एजंटाची फाइल आधी एका कच्च्या टेबलात उतरवून दुबार पावत्या तिथेच शोधाव्यात, म्हणजे ‘अमुक पावती दोनदा आली आहे’ असे कारकुनाला समजेल अशा शब्दांत सांगता येते. प्रायमरी की हा शेवटचा पहारा राहू द्या, पहिला नको.

प्रश्न : लासलगाव परिसरातील एका कांदा व्यापाऱ्याच्या पेढीसाठी मी मायएसक्यूएल आणि पीएचपीमध्ये हिशोबपट्टीचा प्रोग्राम केला आहे. दिवसभरात आलेल्या गाड्यांवर कर्सर (एकेक ओळ हाती देणारा) फिरतो, प्रत्येक गाडीसाठी दर टेबलातून हमाली-तोलाईचा दर काढतो आणि पट्टी तयार करतो. काही दिवशी सगळ्या पट्ट्या तयार होतात, काही दिवशी मध्येच थांबतात. एरर मात्र कधीच येत नाही. लूपमध्ये नेहमीचाच ‘नॉट फाउंड’चा हँडलर, म्हणजे ती स्थिती आली की चालणारा कोड, आहे.

उत्तर : दोष त्या नेहमीच्या हँडलरमध्येच आहे. कर्सरच्या ओळी संपल्या की ‘नॉट फाउंड’ ही स्थिती येते आणि आपला ‘कंटिन्यू’ प्रकारचा हँडलर ‘संपले’ असे दर्शवणारे व्हेरिएबल १ करतो; इथपर्यंत ठीक. परंतु ‘सिलेक्ट इंटू’ला एकही ओळ मिळाली नाही तर तीच स्थिती येते, आणि हँडलरला ती कर्सरकडून आली की दर टेबलाकडून, यात फरक करता येत नाही.

आपण पाठवलेल्या यादीत ट्रॅक्टर आणि पिकअपचे दर आहेत, छोटा हत्तीचा नाही. ज्या दिवशी बाजारात छोटा हत्ती येतो त्या दिवशी आपला लूप तुटतो. कसा, ते बघा. समजा, आधी ट्रॅक्टरची पट्टी झाली आणि आता छोटा हत्तीची पाळी आली. दराची ओळ मिळाली नाही, हँडलर चालला, ‘संपले’ १ झाले, आणि ‘कंटिन्यू’ असल्यामुळे काम पुढे चालू राहिले. ओळ न मिळाल्यास ‘सिलेक्ट इंटू’ व्हेरिएबलला हात लावत नाही, त्यामुळे दराच्या व्हेरिएबलमध्ये ट्रॅक्टरचाच दर पडून होता. त्या दराने छोटा हत्तीची पट्टी तयार झाली. मग लूपने पुढची गाडी ओढली, ‘संपले’ तपासले, ते १ दिसले, आणि लूपमधून बाहेर. म्हणजे पट्ट्या कमी पडतात एवढेच आपल्या लक्षात आले आहे. शेवटची जी पट्टी तयार होते ती चुकीच्या दराची असते, आणि ती एखाद्या शेतकऱ्याच्या हातात गेलेली असणार. जुन्या पट्ट्या एकदा तपासून पाहाव्यात.

तात्पुरता उपाय म्हणजे दर काढणारे ‘सिलेक्ट’ स्वतंत्र ‘बिगिन-एंड’ ब्लॉकमध्ये ठेवून त्या ब्लॉकला त्याचा स्वतःचा ‘नॉट फाउंड’ हँडलर देणे. आतला हँडलर असला की बाहेरचा चालत नाही. त्या आतल्या हँडलरमध्ये गप्प बसू नका, ‘सिग्नल’ वापरून ४५००० या एसक्यूएलस्टेटची एरर उठवा. प्रोग्रामरने स्वतः उठवलेल्या एररसाठी तो संकेत राखलेला आहे. संदेशात गाडीचा प्रकार लिहा: ‘छोटा हत्तीचा हमाली दर नोंदलेला नाही.’ संदेशाला १२८ कॅरेक्टरची मर्यादा आहे आणि मराठीत प्रत्येक काना, मात्रा, अनुस्वार वेगळा मोजला जातो, ‘क्ष’ तर तीन कॅरेक्टर घेतो, म्हणून संदेश आटोपशीर असावा. ‘सिग्नल’ ५.५ या आवृत्तीत आले. त्याआधी एरर उठवायची तर अस्तित्वात नसलेली प्रोसिजर मुद्दाम बोलवण्याची युक्ती लोक वापरत, आणि जुन्या प्रोग्राममध्ये ती अजून सापडते; दिसली तर काढून टाकावी.

कायमचा उपाय वेगळा आहे. या कामाला कर्सरची गरजच नाही. गाड्यांचे टेबल आणि दर टेबल ‘लेफ्ट जॉइन’ने जोडून ज्या गाड्यांना दर नाही त्या आधी शोधाव्यात, एक जरी निघाली तरी एरर उठवावी, आणि नसेल तर एकाच ‘इन्सर्ट सिलेक्ट’ने सगळ्या पट्ट्या कराव्यात.

प्रोसिजरच्या वरच्या भागात ‘एसक्यूएलएक्सेप्शन’साठी ‘एक्झिट’ प्रकारचा एक हँडलर ठेवा, त्यात आधी ‘रोलबॅक’ आणि मग ‘रीसिग्नल’. मायएसक्यूएलमध्ये एखादे विधान फसले तर सहसा तेवढे विधान मागे जाते, पूर्ण ट्रान्झॅक्शन आपोआप मागे जात नाही, हे विसरू नये. एररचा तपशील लॉगसाठी हवा असेल तर ‘गेट डायग्नॉस्टिक्स’ हे हँडलरमधले पहिलेच विधान असू द्या. टेबले इनोडीबी प्रकारची आहेत ना, तेही पाहा. ५.५ पूर्वी मायआयसॅम हा ठरावीक प्रकार होता, आणि त्या काळापासून चालत आलेल्या टेबलांवर रोलबॅकचा काहीच परिणाम होत नाही.

राहता राहिली पीएचपी. पीडीओ, म्हणजे पीएचपीचा डेटाबेसशी बोलणारा भाग, पीएचपी ८.० च्या आधी एररबाबत मुळात मौन पाळत असे. एक्सेप्शनची पद्धत आपण होऊन चालू करावी लागे. आपली आवृत्ती ७.४ आहे असे आपण लिहिले आहे, तेव्हा कनेक्शन उघडताना ती सोय चालू केली आहे का ते बघा. ती नसेल तर प्रोसिजरने कितीही ओरडून सांगितले तरी पडद्यावर काही उमटणार नाही.

प्रश्न : मी नाशिकरोडला एका कार्यालयात जुने एसक्यूएल सर्व्हरचे प्रोग्राम सांभाळते. एरर उठवणारे ‘रेझएरर’ लिहूनही कंट्रोल कॅचमध्ये जात नाही. शिवाय मराठी संदेशाच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतात.

उत्तर : आपण सिव्हिरिटी, म्हणजे एररची तीव्रता, १० दिली आहे. १० पर्यंतची पातळी निव्वळ माहितीची समजली जाते आणि ती कॅचकडे जात नाही; ११ ते १९ जाते. आपल्या नियमांच्या एररसाठी १६ द्यावी. २० व त्यावरची पातळी कनेक्शनच तोडते, आणि १९ पासून पुढची पातळी वापरायला सिसअ‍ॅडमिनचे (किंवा ‘ऑल्टर ट्रेस’चे) अधिकार व ‘विथ लॉग’ लागते, म्हणून जोर यावा या हौसेने २५ लिहू नये. ‘रेझएरर’ ट्राय ब्लॉकच्या बाहेर असेल तर ते प्रोसिजर थांबवत नाही, ‘एक्सॅक्ट_अबॉर्ट’लाही जुमानत नाही; पुढे ‘रिटर्न’ लिहावेच लागते. प्रश्नचिन्हे दिसतात ती मजकुराच्या अवतरणचिन्हाआधी ‘एन’ हे अक्षर नसल्यामुळे.

आपल्या प्रतीत जुन्या पद्धतीची @@एररची तपासणी आहे. @@एरर प्रत्येक विधानानंतर नव्याने भरतो. त्यामुळे ‘इफ @@एरर शून्य नसेल तर’ अशी ओळ लिहून तिच्या आत पुन्हा @@एरर छापला की शून्यच मिळतो, कारण मधले ‘इफ’ हेही एक विधानच. वेळ मिळेल तसे हे सगळे ट्राय-कॅचमध्ये आणावे. ती सोय २००५ च्या आवृत्तीपासून आहे.

प्रश्न : अंबड औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्यात स्टोअरचा साठा ओरॅकलवर आहे. आधीच्या प्रोग्रामरने जवळजवळ प्रत्येक प्रोसिजरच्या शेवटी ‘व्हेन अदर्स देन नल’ (कोणतीही एरर आली तरी काही करू नको) लिहून ठेवले आहे. वरिष्ठ म्हणतात की त्यामुळे रात्रपाळीची कामे अडत नाहीत. हे काढावे का?

उत्तर : काढावे, पण एका रात्रीत सगळे काढू नये.

आधी वरिष्ठांना समजावून सांगण्यासारखा मुद्दा. ओरॅकलमध्ये बाहेरून बोलावलेल्या प्रोसिजरमधून एरर न अडता बाहेर पडली, तर त्या कॉलमध्ये झालेले आणि अजून कमिट न झालेले सगळे बदल ओरॅकल स्वतःहून मागे घेतो. ‘व्हेन अदर्स देन नल’ने ती एरर आतच दाबली की ओरॅकलच्या दृष्टीने कॉल यशस्वी ठरतो, एररच्या आधीचे अर्धे बदल तसेच राहतात, आणि पुढे कोणीतरी केलेला कमिट ते कायम करतो. म्हणजे स्टोअरमधून माल वजा झाला आणि शॉपच्या नावे चढलाच नाही, असे होऊ शकते. काम अडत नाही हे खरे. अडायला हवे तिथेही अडत नाही. ओरॅकलच्या कंपायलरलाही ही सवय खटकते: ११जी पासून, वॉर्निंग चालू ठेवल्यास, ‘अदर्स’चा हँडलर ‘रेझ’ किंवा ‘रेझ_अ‍ॅप्लिकेशन_एरर’ने संपत नसेल तर ०६००९ क्रमांकाची पीएलडब्ल्यू सूचना मिळते. ती चालू करून सगळ्या प्रोसिजर एकदा कंपाइल केल्या की दुरुस्तीची यादी आयती हातात येते.

सगळे ‘नल’ एकदम काढले तर वर्षानुवर्षे दबलेल्या एरर एकाच रात्री वर येतील आणि वरिष्ठ आपल्यालाच दोष देतील. म्हणून पहिल्या टप्प्यात ‘नल’च्या जागी लॉगची प्रोसिजर बोलवा. ती प्रोसिजर ‘प्रॅग्मा ऑटोनॉमस_ट्रान्झॅक्शन’ची असावी आणि तिच्यात तिचा स्वतःचा कमिट असावा, म्हणजे मुख्य काम मागे गेले तरी लॉग टिकतो. लॉगमध्ये नुसता ‘एसक्यूएलईआरआरएम’, म्हणजे एररचा संदेश, पुरत नाही. ‘डीबीएमएस_युटिलिटी’मधील ‘फॉरमॅट_एरर_बॅकट्रेस’ही नोंदवा, कारण एरर मूळ कोणत्या ओळीवर उठली ते तोच सांगतो. काही दिवस लॉग वाचा. त्यातल्या बऱ्याचशा नोंदी ‘नो_डेटा_फाउंड’च्या निघतील, आणि त्यातल्याही काही अगदी अपेक्षित असतील, उदाहरणार्थ नव्या वस्तूचा मागील साठा न सापडणे. अशा अपेक्षित एररला नावाने पकडा, आणि तेही त्या एका ‘सिलेक्ट’भोवती छोटा ब्लॉक घालून. मग दुसऱ्या टप्प्यात उरलेल्या सगळ्या ठिकाणी लॉगनंतर ‘रेझ’ लिहा.

आपल्या स्वतःच्या नियमांसाठी, जसे साठ्यापेक्षा जास्त माल मागितला, ‘रेझ_अ‍ॅप्लिकेशन_एरर’ आहेच. त्याला उणे २०००० ते उणे २०९९९ एवढेच क्रमांक मिळतात, तेव्हा कोणता क्रमांक कशासाठी याची एकच वही ठेवा, नाहीतर दोन विभागांत एकच क्रमांक दोन अर्थांनी वापरला जातो. तिसरा घटक ‘ट्रू’ दिला तर आधीच्या एररची साखळी शाबूत राहते.

प्रश्न : पिंपळगाव बसवंत भागातील द्राक्षांच्या शीतगृहात ऐन हंगामात एकीकडे माल आत घेण्याच्या नोंदी आणि दुसरीकडे कंटेनर भरण्याच्या नोंदी एकाच वेळी चालतात. एसक्यूएल सर्व्हर अधूनमधून १२०५ क्रमांकाची डेडलॉकची (दोन कामे एकमेकांची वाट पाहत अडल्याची) एरर देतो. कॅचमध्येच पुन्हा प्रयत्न करण्याचा लूप घालावा का? कधीकधी तर एररही येत नाही, पडदा थिजतो आणि टाइमआउट होतो.

उत्तर : पुन्हा प्रयत्न करणे योग्य आहे, कारण डेडलॉकमध्ये बळी दिलेले काम तसेच पुन्हा चालवले तर सहसा पार पडते. पण ज्याने ट्रान्झॅक्शन सुरू केले त्यानेच पुन्हा प्रयत्न करावा. १२०५ नंतर ट्रान्झॅक्शन कमिट करण्याजोगे उरत नाही, तेव्हा आतल्या एखाद्या प्रोसिजरने आपल्यापुरते दोन विधानांचे काम परत करू म्हटले तर जमणार नाही; रोलबॅक करून अगदी सुरुवातीपासून, पॅलेटचा चालू साठा नव्याने वाचण्यापासून, सगळे चालवावे लागते. आपल्याकडे पडद्यावरचा प्रोग्राम ट्रान्झॅक्शन सुरू करतो, म्हणून लूप तिथे ठेवा. प्रोसिजरने रोलबॅक करून ‘थ्रो’ करावे आणि १२०५ हा क्रमांक शाबूत वर जाऊ द्यावा. तो बदलून ‘काहीतरी चूक झाली’ असा ५०००० चा गोड संदेश पाठवला, तर वरच्याला पुन्हा प्रयत्न करायचा की नाही हे कळणार कसे? प्रयत्नांना मर्यादा हवी, आणि दोन प्रयत्नांमध्ये थोडा, दर वेळी वेगवेगळा थांबा हवा.

डेडलॉकचे मूळ मात्र आपल्या दोन प्रोसिजरच्या क्रमात आहे. आवक करणारी आधी चेंबरचे टेबल आणि मग पॅलेटचे टेबल बदलते. कंटेनर भरणारी आधी पॅलेट आणि मग चेंबर. दोघींचा क्रम एकच करा, एरर बरीच कमी होईल.

टाइमआउटची गोष्ट निराळी. तो सर्व्हरने दिलेला एरर नाही. डॉटनेटच्या प्रोग्राममध्ये ठरावीक ३० सेकंदांची वाट पाहून क्लायंटच काम थांबवायला सांगतो. त्या वेळी कॅच ब्लॉक चालतच नाही, त्यामुळे त्यातला रोलबॅकही होत नाही. ‘एक्सॅक्ट_अबॉर्ट’ बंद असेल तर ट्रान्झॅक्शन उघडे राहून त्याची कुलुपे तशीच लागलेली राहतात, आणि मग इतरांचेही पडदे थिजतात. ते चालू ठेवा, सर्व्हर स्वतः रोलबॅक करतो. कॅच ब्लॉकच्या हाती न लागणारी आणखी एक एरर म्हणजे त्याच प्रोसिजरमध्ये अस्तित्वात नसलेल्या टेबलाचा उल्लेख. ती बोलावणाऱ्याच्या कॅचमध्ये सापडते.

प्रश्न : गंगापूर रोडवरील महाविद्यालयात मी संगणकशास्त्र शिकतो. प्रकल्प पोस्टग्रेसवर आहे. चूक झाली की प्रोसिजरने उणे १ परत द्यावा की एक्सेप्शन उठवावे? आणि एक एरर आली की पुढचे प्रत्येक विधान ‘ट्रान्झॅक्शन रद्द झाले आहे’ असे का म्हणते?

उत्तर : एक्सेप्शन उठवा. परत दिलेला आकडा तपासायला बोलावणारा विसरू शकतो. एक्सेप्शनकडे दुर्लक्ष करायचे तर मुद्दाम कोड लिहावा लागतो. ‘सापडले नाही’ हे उत्तर जिथे अगदी रोजचे आहे, जसे शोधाच्या पडद्यावर, तिथे मात्र रिकामा निकाल पुरे. ‘रेझ एक्सेप्शन’ला संकेत दिला नाही तर पी०००१ लागतो, ‘युझिंग एररकोड’ने स्वतःचा पाच अक्षरांचा संकेत दिला तर प्रकल्पाच्या जावा प्रोग्राममध्ये संदेशाचा मजकूर चाळत बसावे लागत नाही. ‘रेझ नोटिस’ने काम थांबत नाही, हे ध्यानात ठेवा.

दुसरा भाग हा पोस्टग्रेसचा स्वभाव आहे. ट्रान्झॅक्शनमधले एक विधान फसले की रोलबॅक होईपर्यंत तो पुढचे काही स्वीकारत नाही, आणि २५पी०२ हा संकेत देत राहतो. ‘एक्सेप्शन’ असलेला ब्लॉक त्यातून वाट काढतो, कारण अशा ब्लॉकमध्ये शिरताना पोस्टग्रेस एक उपट्रान्झॅक्शन उघडतो आणि एरर आली की तेवढेच मागे घेतो. व्हेरिएबलच्या किमती मात्र बदललेल्याच राहतात. याची किंमत मोजावी लागते, म्हणून हजारो ओळींच्या लूपमध्ये प्रत्येक ओळीभोवती असा ब्लॉक घालू नका. आपल्या कोडमध्ये तो फक्त दुबार हजेरी टाळण्यासाठी आहे. तिथे ‘इन्सर्ट’ला ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग’ जोडा, ते ९.५ पासून आहे, आणि ब्लॉक काढून टाका.